सत्तेतून बाहेर, पाठिंबा कायम: ही बातमी कशी वाचायची

एखाद्या पक्षानं मंत्रिपदं सोडली, पण सरकारचा पाठिंबा काढला नाही, अशी बातमी आली की चोपड्याच्या वाचनालयात संध्याकाळी पेपर वाचायला येणाऱ्या मंडळींना मी आधी एकच गोष्ट शोधायला सांगतो: पत्र कोणाच्या हाती गेलं? मंत्र्याचा राजीनामा मुख्यमंत्र्यांकडे जातो, पाठिंबा काढल्याचं पत्र राज्यपालांकडे. दुसरं पत्र गेलं नसेल, तर मंत्रिपदं गेली, सरकार जागेवर आहे. दिल्लीत 8 मार्च 2018 ला तेलुगू देसमच्या दोन मंत्र्यांनी राजीनामे दिले, पण पक्ष भाजपच्या आघाडीतच राहिला. आघाडी सोडून अविश्वासाची नोटीस दिली ती 16 मार्चला.

मग कागद घ्या आणि आकडे स्वतः मांडा. विधानसभेत 288 आमदार, बहुमत 145, हे सगळ्यांना पाठ असतं. पण विश्वासदर्शक ठरावाला हजर राहून मत देणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त मतं पुरतात, आणि सगळा खेळ तिथंच असतो. 2014 चं उदाहरण घ्या. आपल्या जिल्ह्याचे एकनाथराव खडसे तेव्हा महसूलमंत्री झाले, त्यामुळे इथं ते दिवस सगळ्यांना आठवतात. भाजपचे निवडून आले 122, म्हणजे 23 कमी. राष्ट्रवादीचे 41, त्यांनी निकालाच्याच दिवशी बाहेरून पाठिंबा जाहीर केला. हे 41 नुसते तटस्थ बसले तरी उरतात 247, आणि त्यांत 124 पुरतात. गप्प बसणं हाही पाठिंबाच, हे पोरांना मी फळ्यावर मांडून दाखवतो.

12 नोव्हेंबरला भाजप सरकारचा विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानानं, म्हणजे नुसत्या हो-नाहीच्या आवाजावर, मंजूर झाला. कोणी कुठं मत दिलं याची नावानिशी नोंद राहिली नाही. मला हे आजही सहन होत नाही; मतदारानं हिशेब मागायचा कशाच्या आधारावर? म्हणून बातमीत मतविभागणी, म्हणजे कोणाचं मत कुठं याची नोंद होणारं मतदान, झाली का, हे पहाच.

पाठिंबा कशाच्या बदल्यात आहे, तेही वाचा. 2004 मध्ये दिल्लीत मनमोहन सिंग सरकारला पाठिंबा देताना डाव्यांनी मंत्रिपदं घेतली नाहीत. पुढ्यात लेखी किमान समान कार्यक्रम होता, आणि माकपचे सोमनाथ चटर्जी लोकसभेचे अध्यक्ष झाले. चार वर्षं निभावलं. जुलै 2008 मध्ये अणुकरारावरून पाठिंबा काढला, तरी 22 जुलैला सरकार 275 विरुद्ध 256 मतांनी तरलं. उलट चंद्रशेखर यांचं सरकार काँग्रेसच्या बाहेरच्या पाठिंब्यावर नोव्हेंबर 1990 मध्ये आलं. राजीव गांधींच्या घरावर हरियाणाच्या दोन पोलिसांनी पाळत ठेवल्याचा वाद पेटला आणि मार्च 1991 मध्ये चंद्रशेखर यांनी राजीनामा दिला.

खरी परीक्षा अर्थसंकल्पाच्या अधिवेशनात होते. अनुदानाच्या मागण्या, म्हणजे खात्यांच्या खर्चाला सभागृहाकडे मागितलेली मंजुरी, फेटाळल्या गेल्या तर सरकारला राहता येत नाही. आमदार लग्नसराईत गावोगाव येतातच, तेव्हा गाठा आणि नीट विचारा: भाऊ, तुमचा पक्ष बाहेर पडला ना, मग मागण्यांवर मतदान झालं तेव्हा तुम्ही सभागृहात होता का, आणि हात कुणासाठी वर केला? आपल्या तापीवरच्या पाडळसे धरणाच्या पैशाचंही त्याच वेळी विचारा. उत्तर तारखेसह वहीत लिहा, आणि शेजारी उभ्या असलेल्या दोघांच्या सह्या घ्या.