अंगावर पिणारं बाळ असताना दाढ काढायची तर

दाढ ठणकतेय, गाल सुजलाय, बाळ अंगावर पितंय आणि घरात प्रत्येकाचा सल्ला वेगळा. कुणी म्हणतं, बाळ मोठं होईस्तोवर लवंग दाबून धर आणि दिवस काढ. कुणी म्हणतं, दाढ काढ, पण मग आठ दिवस दूध पाजायचं नाही. हे दोन्ही सल्ले चुकीचे आहेत. पहिल्याने आईचं इन्फेक्शन वाढतं आणि दुसऱ्याने बाळाचं दूध तुटतं. नागपुरात बाळंतिणींना स्तनपानाबद्दल मार्गदर्शन करण्याचं काम मी बरीच वर्षं करतेय. कितीतरी जणींबरोबर दातांच्या दवाखान्यात गेलेय, त्या आत असताना त्यांचं बाळ मांडीवर घेऊन बाहेर बसलेय. माझी स्वतःची खालची अक्कलदाढही मुलगी अंगावर पीत असतानाच काढली.

तारीख

पू झाला असेल, ताप येत असेल, तोंड उघडायला त्रास होत असेल तर थांबू नका, बाळ पंधरा दिवसांचं असलं तरी. खालच्या दाढेचं इन्फेक्शन गळ्याकडे उतरू शकतं आणि तेव्हा बाळाला सोडून दवाखान्यात भरती व्हावं लागतं. दुखत काही नाही, डॉक्टरांनी नुसतं ‘कधीतरी काढून घ्या’ म्हटलंय, तर मात्र बाळाचं उष्टावण होऊन ते सहा महिन्यांनंतर वरचं खायला लागेपर्यंत थांबलेलं सोयीचं. वेळ सकाळची पहिली मागा.

कुठे

सरकारी हवं तर मेडिकल चौकाजवळचं शासकीय दंत महाविद्यालय. हिंगणा रोडवर डिगडोह आणि वानाडोंगरीलाही दंत महाविद्यालयं आहेत. महाविद्यालयात ओपीडीची रांग असते, त्यामुळे बाळाला सांभाळणारं माणूस दिवसभर मोकळं असायला हवं. धंतोली-रामदासपेठेत खासगी दवाखाने भरपूर, पण धंतोलीत गाडी लावायला जागा मिळत नाही. बाळ गाडीत आणि आई आत असा बेत करू नका, बाळ दवाखान्यातच बाहेरच्या खोलीत असू द्या. दाढेचा एक्स-रे किंवा ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे, काढला तरी दुधाला काही होत नाही, लगेच पाजता येतं.

गोळ्यांची चिठ्ठी: सगळं अडतं ते इथे

दाढ काढणं डॉक्टरांचं काम आहे आणि ते त्यांना येतं. तुमचं काम आहे चिठ्ठीवर काय लिहिलं जातंय ते बघणं. बहुतेक जणी हे काम चुकीच्या वेळी करतात. दाढ निघाल्यावर जबडा बधिर असतो, दातांखाली गॉजचा बोळा असतो, बोलायचं नाही असं बजावलेलं असतं, आणि नेमकी तेव्हा चिठ्ठी हातात पडते. त्या अवस्थेत कोणतीही बाई प्रश्न विचारू शकत नाही. बाहेर बाळ रडत असतं, मेडिकलवाला पाकीट हातात देतो, घरी आल्यावर कुणीतरी वेष्टनावरची ‘स्तनपान देणाऱ्या मातांनी घेऊ नये’ ही ओळ वाचतं आणि दूध बंद होतं.

माझं असंच झालं. शहरातल्या एका दवाखान्यात मला जाता जाता सांगितलं गेलं, ‘पाच दिवस दूध पिळून टाकून द्या.’ कोणत्या औषधासाठी, का, काही नाही. मुलगी बाटली तोंडात घेईना, मी सुजलेल्या गालाने आणि दगडासारख्या घट्ट छातीने रात्रभर बसून. दुसऱ्या दिवशी ओळखीच्या बालरोगतज्ज्ञांना चिठ्ठी दाखवली. त्यांनी एक गोळी बदलून दिली आणि म्हणाले, आत्ता पाज. पाच मिनिटांत सुटणाऱ्या प्रश्नासाठी ती रात्र गेली होती.

म्हणून चिठ्ठी खुर्चीत बसायच्या आधी लिहून घ्या. तपासणीच्या दिवशीच सांगा: ‘डॉक्टर, बाळ इतक्या महिन्यांचं आहे, अंगावर पितं, मी दूध थांबवणार नाही. त्या हिशोबाने गोळ्या लिहून द्या, मी बालरोगतज्ज्ञांना दाखवून घेते.’ ‘चालेल का?’ असं विचारू नका. असं विचारलं की समोरचा सावध माणूस ‘नको’ म्हणतो. तुम्हाला एखाद्या औषधाची ॲलर्जी असेल, ॲसिडिटी, दमा किंवा किडनीचा त्रास असेल, बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल, तर हेही तेव्हाच सांगा.

आता एकेक औषध. डोस डॉक्टरच ठरवतील, पण नावं तुम्हाला ओळखू यायला हवीत.

बधिर करायचं इंजेक्शन: यात लिग्नोकेन असतं आणि बहुतेक वेळा त्यासोबत थोडं ॲड्रेनालिन. लिग्नोकेन दुधात अगदी कमी उतरतं आणि बाळाच्या पोटातून फारसं शोषलं जात नाही. ॲड्रेनालिन तर बाळाच्या पोटात टिकतच नाही. खुर्चीतून उठलात की पाजा. इथे दूध फेकायला सांगणाऱ्यांचं मी अजिबात ऐकत नाही.

दुखण्याच्या गोळ्या: आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल या दोन्ही स्तनपानात पहिल्या पसंतीच्या आहेत. आयब्युप्रोफेन दुधात इतकं कमी उतरतं की वजनाच्या हिशोबाने बाळाकडे आईच्या डोसचा एक टक्काही जात नाही. दोन्ही मिळून दाढेच्या दुखण्यावर उत्तम काम करतात. एकाच गोळीत दोन्ही असतील तर वरून वेगळं पॅरासिटामॉल घेऊ नका. आयब्युप्रोफेन जेवणानंतरच. ॲसिडिटी, दमा किंवा किडनीचा त्रास असलेल्यांनी ते विचारूनच घ्यावं.

ट्रामाडॉल आणि कोडीन नको. आईचं शरीर ही औषधं फार वेगाने पालटत असेल तर बाळाला गुंगी येते, श्वास मंदावतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2017 मध्येच स्तनपान देणाऱ्या आयांनी ती घेऊ नयेत असा इशारा दिला आहे. आपल्याकडे पॅरासिटामॉल आणि ट्रामाडॉल एकत्र असलेली गोळी दाढेसाठी सर्रास लिहिली जाते. नुसतं ‘पॅरासिटामॉल’ वाचून समाधान मानू नका, खालची ओळही वाचा. डिस्प्रिन, म्हणजे ॲस्पिरिन, घरात पडलेली असेल तरी घेऊ नका. निमेसुलाइड तर आपल्या देशात बारा वर्षांखालच्या मुलांना द्यायलाच बंदी आहे. हातात आयब्युप्रोफेन असताना अंगावर पाजणाऱ्या आईने ते कशाला घ्यायचं?

अँटिबायोटिक: आधी विचारा की लागणार आहे का. प्रत्येक दाढेला लागत नाही. लागणार असेल तर अमॉक्सिसिलिन, एकटं किंवा क्लॅव्हुलॅनिक ॲसिडसोबत, स्तनपानात नेहमी वापरलं जातं. बाळाला शी पातळ होऊ शकते, तोंडात पांढरे चट्टे किंवा लंगोटाच्या जागी पुरळ येऊ शकतं. याने घाबरून दूध तोडायचं नाही, बाळ दाखवून घ्यायचं. मेट्रोनिडाझोल दातांसाठी बऱ्याचदा सवयीने लिहिलं जातं. ते दुधात उतरतं, पण नेहमीच्या 400 मिग्रॅच्या डोसात बाळाकडे जाणारी मात्रा ही आजारी बाळांना थेट देतात त्या मात्रेपेक्षा कमी असते. खरंच गरज असेल तर दूध थांबवायचं कारण नाही. दुधाला कडवट चव येऊन बाळ थोडं कुरकुरलं तर धीर धरा. ऑर्निडाझोल असलेली जोडगोळी लिहिली असेल तर बदलून मागा, कारण स्तनपानातली तिची माहिती तोकडी आहे आणि चांगला पर्याय उपलब्ध आहे.

सूज उतरायची म्हणून जोडलेली सेराटिओपेप्टिडेजसारखी गोळी मी तरी काढून टाकायला सांगते. तिचा फायदा नीट सिद्ध झालेला नाही आणि गालावर बर्फ लावता येतो.

वेष्टनावरच्या ‘स्तनपानात घेऊ नये’ या ओळीने निर्णय घेऊ नका. आयांवर अभ्यास झालेला नसला की कंपनी ती ओळ छापून मोकळी होते. अमेरिकेची लॅक्टमेड नावाची यादी इंटरनेटवर फुकट आहे, तिच्यात औषधाचं मूळ नाव टाकलं की दुधात किती उतरतं ते कळतं. इंग्रजी जड वाटलं तर ते पान उघडून बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

आणि दूध पिळून फेकण्याबद्दल एकदाच स्पष्ट सांगते. औषध दुधात साचून बसत नाही. रक्तातलं उतरलं की दुधातलंही उतरतं. पिळून फेकल्याने ते लवकर जात नाही, फक्त बाळाच्या वाटचं दूध मोरीत जातं. औषध चालणारं असेल तर पाजा, न चालणारं असेल तर औषध बदला. काही तास पाजता आलंच नाही तर छाती दाटू नये म्हणून पिळावं लागतं, ते वेगळं.

पूर्ण भूल दिली तरी नियम साधा आहे: आई नीट शुद्धीवर आली, बसून बाळ सावरू शकली की पाजायचं. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल किंवा त्याला श्वासाचा त्रास असेल तर आधी बालरोगतज्ज्ञांशी बोला. मात्र गुंगीच्या औषधानंतरच्या रात्री बाळाला आपल्या अंथरुणात घेऊन झोपू नका. ते काम आजीचं.

त्या दिवशी

आत जायच्या दहा मिनिटं आधी दोन्ही बाजूंनी पोटभर पाजा. घरी एक-दोन वेळचं दूध काढून ठेवा आणि ते वाटी-चमच्याने पाजायची सवय आधीच करून घ्या. काढलेलं दूध 25 अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास आणि फ्रिजमध्ये चार दिवस टिकतं. नागपूरच्या मे महिन्यात कूलरच्या खोलीतही 25 अंश नसतात, तेव्हा सरळ फ्रिज.

पहिली रात्र

गॉज सांगितलं तेवढा वेळ घट्ट चावून धरा. थुंकायचं नाही, चुळा भरायच्या नाहीत, स्ट्रॉने काही ओढायचं नाही. दाढेच्या खड्ड्यातली रक्ताची गाठ निघाली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी असह्य कळ सुरू होते, तिलाच ड्राय सॉकेट म्हणतात. खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, खात असाल तर आता पूर्ण बंद. तो जखम चिघळवतो आणि त्यातलं निकोटिन दुधात उतरतं.

पाजताना डोकं उंच ठेवा. भिंतीला उशी लावून अर्धं बसा आणि बाळ काखेखालून पाय मागे करून धरा, म्हणजे त्याचं डोकं तुमच्या गालापासून लांब राहतं. हाताचं मात्र कुणी सांगत नाही. पाच-सहा महिन्यांचं बाळ पिता पिता वर बघतं, हसतं आणि बोटं आईच्या तोंडात घालतं. एरवी आपण ती बोटं हलकेच चावतो, ती त्याला सवय असते. टाक्यांवर ते चिमुकलं नख लागलं की डोळ्यांपुढे काजवे चमकतात, शिवाय हात जखमेत. पाजायला बसायच्या आधी त्याच्या मुठीत काहीतरी द्या. रंगीत मण्यांची जाड माळ, पदराची गाठ, नाहीतर तुमचा अंगठा.

खाणं

घरात खरा वाद इथे होतो. ‘थंड खाल्लं तं लेकराले सर्दी होते’ हे वाक्य तुम्ही ऐकणारच. सासूबाईंना शांतपणे सांगा की पोटात गेलेलं आइस्क्रीम शरीराच्या तापमानाला येतं, दूध नेहमीच कोमट असतं, आणि सर्दी विषाणूने होते. पहिल्या दिवशी थंड मऊ खाणं जखमेला बरं पडतं. आइस्क्रीम कपातून चमच्याने खा, कोनातून नको.

आठवडाभर वरण-मऊ भात, खिचडी, दही, केळं, शेवयांची खीर. तर्री पोहे आणि सावजी राहू द्या. डिंकाचे लाडू कडक, तेही नंतर. हळिवाची खीर आणि जेवणानंतरची बाळंतशोप मात्र आवर्जून थांबवा. ते दाणे जखमेच्या खड्ड्यात जाऊन बसतात आणि निघता निघत नाहीत. दूध शोपेने टिकत नाही, बाळ वारंवार पाजल्याने टिकतं. तोंड दुखतं म्हणून पाणी कमी करू नका, भांड्याने थोडं थोडं पीत राहा. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हलक्या गुळण्या.

लगेच दवाखाना गाठा

सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे सरकली, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, तोंड उघडेना, ताप चढला, गॉज चावूनही रक्त थांबेना, तर दिवस-रात्र बघू नका. बाळ नेहमीपेक्षा खूप झोपाळू वाटलं, प्यायला उठेना, श्वास संथ वाटला तर गोळी थांबवून त्याला ताबडतोब दाखवा. छातीत गाठ येऊन लाल आणि गरम झाली तर पाजणं चालूच ठेवा आणि डॉक्टरांना फोन करा.

टाके आपोआप विरघळणारे नसतील तर साधारण आठवड्याने काढतात. त्याला बहुतेक वेळा इंजेक्शन लागत नाही. बाळ कडेवर घेऊन जा.