पीएचडीचं पहिलं वर्ष: कच्चं काम दाखवायला मी फार उशीर केला

ॲडमिशनचा आनंद आठवडाभर टिकतो, मग एका सकाळी टेबलासमोर बसल्यावर लक्षात येतं की आता सिलॅबस नाही, टाइमटेबल नाही आणि आज नक्की काय करायचं हे सांगणारंही कोणी नाही. नुकतंच जॉईन झालेल्यांसाठी हे लिहितेय, कारण त्या वेळी मला हे कोणी सांगितलं असतं तर माझे पाच महिने वाचले असते.

पाच महिने मी गाईडना लेखी असं काहीच दाखवलं नाही. वाचत होते, नोट्स काढत होते, पण दर वेळी वाटायचं की अजून नीट झालं नाही, पूर्ण झालं की देऊ. मीटिंगमध्ये "चालू आहे सर" एवढंच. शेवटी वीस पानांचा लिटरेचर रिव्ह्यू, म्हणजे विषयावर आधी झालेल्या कामाचा आढावा, दिला तेव्हा सरांनी दहा मिनिटं चाळला आणि विचारलं की याच प्रश्नावर शेजारच्या विषयात वेगळ्या नावाने बरंच काम झालंय, तो शब्द टाकून शोधलंस का? नव्हतं शोधलं, तो शब्दच मला माहीत नव्हता. दुसऱ्या महिन्यात दोन पानं जरी दाखवली असती तरी हे तेव्हाच कळलं असतं. गाईडला कच्चं काम बघायची सवय असते हो, लाज फक्त आपल्यालाच वाटत असते.

त्यानंतर मी एक गोष्ट सुरू केली ती आजपर्यंत सोडलेली नाही. मीटिंगच्या आदल्या दिवशी एक पान पाठवायचं, त्यात काय केलं आणि दोन-तीन प्रश्न, आणि प्रश्न "कसं वाटतंय?" असे मोघम नाही तर "सॅम्पल असा घेऊ की तसा, मला पहिला बरा वाटतो कारण अमुक" असे. मीटिंग झाली की त्याच दिवशी पाच ओळींचा मेल, काय बोललो, काय ठरलं, पुढच्या वेळी मी काय आणणार, त्यांच्याकडून मला काय हवंय. गाईडकडे बाकीचे विद्यार्थी, लेक्चर्स, कमिट्या सगळं असतं, मागच्या वेळी काय ठरलं ते त्यांना आठवेलच असं नाही, आणि सहा महिन्यांनी "मी असं कधी म्हटलं?" अशी वेळ आली तर तो मेल कामाला येतो.

पहिल्याच महिन्यात काही गोष्टी सरळ विचारून घ्या. किती दिवसांनी भेटायचं, ड्राफ्ट दिला तर किती दिवसांत वाचून मिळेल, पेपरवर नावं कशी लागतील. हा शेवटचा प्रश्न विचारायला अवघड जातं पण पेपर लिहून झाल्यावर विचारणं त्याहून अवघड. मेडिकल जर्नल्सच्या एडिटर्सची जी आंतरराष्ट्रीय समिती आहे, आयसीएमजेई, तिच्या चार अटी आहेत: कामात ठोस वाटा, लिहिण्यात किंवा महत्त्वाच्या दुरुस्त्यांत सहभाग, फायनल ड्राफ्टला मंजुरी आणि कामाची जबाबदारी घेणं, आणि चारही पूर्ण झाल्या तरच ऑथर. तुमच्या विषयात रीत वेगळी असू शकते, गणितात तर नावं बहुतेक वेळा अक्षरक्रमाने लावतात, म्हणून आपल्या विषयातली रीत विचारून घ्या.

सगळं गाईडकडूनच मिळेल ही अपेक्षाही मी सोडली. युरोपात 2005 साली पीएचडीसाठी जी साल्झबर्ग तत्त्वं ठरली त्यातही जबाबदारी विद्यार्थी, गाईड आणि संस्था अशी तिघांत वाटलेली आहे. मला सगळ्यात जास्त मदत झाली ती दोन वर्षं पुढे असलेल्या एका सीनियरची, फॉर्म कुठे अडकतात पासून पेपर तपासणाऱ्या रिव्ह्यूअरला उत्तर कसं लिहायचं पर्यंत. आणि आम्ही वेगवेगळ्या डिपार्टमेंटचे चौघं आठवड्यातून दोनदा दोन तास एकत्र बसून नुसतं लिहायचो. बोलायचं शेवटची पंधरा मिनिटं.

वर्कशॉप्सचं म्हणाल तर पहिल्या वर्षी दिसेल तिथे नाव दिलं आणि त्यातलं निम्मं विसरले. आता एकच बघते, पुढच्या तीन महिन्यांत हे वापरणार आहे का. झोटेरोसारखं रेफरन्स सॉफ्टवेअर मात्र पहिल्या दिवसापासून वापरा, फुकट आहे, आणि थीसिसच्या शेवटी शेकडो संदर्भ हाताने लावायची पाळी येत नाही. ऑर्किड आयडी काढून ठेवा, संशोधकाची ओळख म्हणून 16 आकडी नंबर असतो, तोही फुकट, नाव बदललं किंवा सारख्या नावाचे दहा संशोधक असले तरी तुमचं काम तुमच्याच नावावर राहतं. आणि थ्री मिनिट थीसिस कुठे होत असेल तर भाग घ्याच. 2008 मध्ये क्वीन्सलँड विद्यापीठात सुरू झालेली स्पर्धा आहे, आपलं संशोधन सांगायला तीन मिनिटं, एकच स्लाइड. तयारी करताना मला कळलं की माझा प्रश्न मलाच एका वाक्यात सांगता येत नव्हता.

आणि मन. बेल्जियमच्या फ्लँडर्स भागात 3,659 पीएचडी विद्यार्थ्यांचा अभ्यास झाला होता, 2017 मध्ये छापून आला, त्यात साधारण 32% जणांना डिप्रेशनसारख्या त्रासाचा धोका दिसला, आणि गाईडची वागण्याची पद्धत, कामाचा ताण, घर आणि काम यांतली ओढाताण यांचा त्याच्याशी संबंध दिसला. झोप उडाली असेल, लॅबमध्ये जायचं म्हटलं की पोटात गोळा येत असेल तर काउन्सेलरकडे जा, थीसिस सबमिट होईपर्यंत थांबू नका. गाईडशी खरंच जमत नसेल तर बऱ्याच ठिकाणी गाईड बदलता येतो किंवा को-गाईड घेता येतो. आधी नियम वाचा, मग डिपार्टमेंटमधल्या विश्वासाच्या एखाद्या माणसाशी खासगीत बोला, आणि मीटिंगनंतरचे ते मेल जपून ठेवलेले असतील तर सोबत न्या. हे पहिल्या-दुसऱ्या वर्षात सोपं असतं, चौथ्या वर्षी डेटा, पेपर, फंडिंग सगळंच त्या एका माणसाशी बांधलेलं असतं.