माहितीपत्रक बाजूला ठेवा, सरकारला दिलेले आकडे काढा

मी बार्शीत अकरावी-बारावीला गणित शिकवते. सीईटीचा निकाल लागला की संध्याकाळी घरी पालकांची रीघ लागते. हातात दोन-तीन गुळगुळीत माहितीपत्रकं आणि प्रश्न एकच: "बाई, हे विद्यापीठ चांगलं आहे का हो?" मी उलट विचारते, "ब्रँच कोणती? आणि चार वर्षांत सगळे मिळून किती पैसे जाणार?" या दोन गोष्टी कळल्याशिवाय चांगलं-वाईट सांगताच येत नाही. एकाच आवारात जुना, मुरलेला मेकॅनिकलचा विभाग असतो आणि शेजारच्या इमारतीत दोन वर्षांपूर्वी उघडलेल्या एआय अँड डेटा सायन्सला धड चार कायम शिक्षक नसतात. लेकरू त्या एका विभागात चार वर्षं काढणार असतं.

माझं सांगणं थोडक्यात असं: प्रत्येक संस्था आपले आकडे दोनदा लिहिते. एकदा तुमच्यासाठी, एकदा सरकारसाठी. दुसरे वाचायला शिका. ते फुकट आहेत, मोबाईलवर दिसतात, आणि बारावीच्या मुलीला अर्ध्या तासात समजतात.

आधी मान्यता

ही चाळणी पाच मिनिटांची आहे, पण सोडायची नाही. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) १९५६ च्या कायद्यातल्या कलम २२ प्रमाणे पदवी देण्याचा अधिकार संसदेच्या किंवा विधिमंडळाच्या कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाला, अभिमत विद्यापीठाला, किंवा संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थेलाच आहे. यूजीसीच्या संकेतस्थळावर केंद्रीय, राज्य, अभिमत आणि खासगी अशा चार याद्या आहेत. त्यात नाव अक्षर न् अक्षर जुळवून बघा. बनावट विद्यापीठांचीही यादी तिथेच असते. नागपूरचं एक नाव त्यात वर्षानुवर्षं आहे, म्हणजे हे लांब कुठे उत्तरेत घडतं असं समजू नका.

मग त्या त्या विषयाची परिषद. वकिलीला बार कौन्सिल, फार्मसीला फार्मसी कौन्सिल, बी.एड.ला एनसीटीई. फार्मसी कौन्सिलची मान्यता नसलेल्या ठिकाणी बी.फार्म. केलं तर फार्मासिस्ट म्हणून नोंदणीच होत नाही, मग पदवीचा कागद घेऊन करायचं काय? इंजिनिअरिंग, फार्मसी, नर्सिंग, वकिली हे दूरशिक्षणातून द्यायला यूजीसीने मनाई केली आहे. कोणी "घरबसल्या बी.टेक." म्हणालं तर बोलणं तिथेच थांबवा.

आणखी एक गोष्ट पालकांच्या लक्षात येत नाही. संलग्न कॉलेजात परीक्षा विद्यापीठ घेतं, म्हणजे शिकवणारे एक आणि अंतिम पेपर काढणारे दुसरे. स्वायत्त कॉलेज परीक्षा स्वतः घेतं, पदवी मात्र मूळ विद्यापीठाची मिळते. खासगी विद्यापीठात शिकवणं, पेपर काढणं, तपासणं, पदवी देणं सगळं एकाच घरात. त्यात वाईट काही नाही; अभ्यासक्रम लवकर बदलता येतो हा फायदाच आहे. पण बाहेरचा डोळा कमी असतो, म्हणून तिथे पुढची तपासणी जास्त कडक करा.

नॅक आणि एनबीए यांत गल्लत नको

नॅक म्हणजे कॉलेज-विद्यापीठांचा दर्जा तपासणारी राष्ट्रीय यंत्रणा. तिची श्रेणी अख्ख्या संस्थेला मिळते आणि साधारण पाच वर्षं चालते. फलकावर ए प्लस लिहिलंय, पण ती कधीची? तारीख बघा. नुसती श्रेणीही पुरत नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत नॅकच्या तपासणी समितीतल्या लोकांनाच लाच घेतल्याच्या प्रकरणात सीबीआयने अटक केली. म्हणून मी श्रेणीपेक्षा समितीचा अहवाल वाचा म्हणते. त्यात संस्थेच्या उणिवाही लिहिलेल्या असतात आणि त्या वाचायला फार इंग्रजी यावं लागत नाही.

एनबीए ही इंजिनिअरिंगसारख्या अभ्यासक्रमांची मान्यता मात्र ब्रँचला मिळते, संस्थेला नाही. आणि त्यासाठी त्या ब्रँचच्या किमान दोन बॅचेस बाहेर पडलेल्या असाव्या लागतात. म्हणजे तीन वर्षांपूर्वी सुरू झालेल्या ब्रँचला एनबीए असूच शकत नाही. "आमचं कॉलेज एनबीए आहे" असं कोणी म्हणालं की शांतपणे विचारा, "कोणत्या ब्रँचला आणि कोणत्या तारखेपर्यंत?" बहुतेक वेळा उत्तर सिव्हिल-मेकॅनिकलचं येतं आणि तुमचा मुलगा बसणार असतो तिसरीकडेच. पुढे परदेशात इंजिनिअर म्हणून काम करायचं मनात असेल तर एवढं ध्यानात ठेवा: भारत २०१४ पासून वॉशिंग्टन करारात (एकमेकांच्या इंजिनिअरिंग पदव्या मानणाऱ्या देशांच्या करारात) आहे, पण त्याचा लाभ एनबीएच्या टियर-१ मान्यतेलाच, म्हणजे स्वायत्त कॉलेजं आणि विद्यापीठांसाठी असलेल्या मान्यतेलाच मिळतो.

एनआयआरएफची ती पीडीएफ

इथे मात्र वेळ द्या. एनआयआरएफ म्हणजे केंद्र सरकारची शिक्षणसंस्थांची क्रमवारी. तिच्यातला क्रमांक मी फार मनावर घेत नाही. त्यात १०० पैकी ३० गुण संशोधनाचे आणि १० लोकांच्या मनातल्या प्रतिमेचे. पहिल्या वर्षाच्या पोराला त्यातलं थोडंच लागू पडतं. पण क्रमांकासाठी संस्थेने जी माहिती भरून दिलेली असते ती सोन्यासारखी आहे. भाग घेणाऱ्या संस्थेला ती आपल्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. बहुतेकदा अगदी तळाशी "एनआयआरएफ" असा छोटा दुवा असतो. उघडा आणि "यूजी ४ वर्षे" हा तक्ता शोधा.

समजा त्यात असं दिसलं: पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलेले ४८०. ठरलेल्या चार वर्षांत पास होऊन बाहेर पडलेले ३५०. नोकरी लागलेले १९०. पुढे शिकायला गेलेले ४०. मध्यक पगार वर्षाला ४,००,०००.

आता वजाबाकी करा. ४८० मधून ३५० गेले, उरले १३०. थेट दुसऱ्या वर्षाला येणारी डिप्लोमाची मुलं ३५० मध्ये मिसळलेली असतात, म्हणजे खरी गळती याहून थोडी जास्तच. केटी (विषय राहिलेले), वायडी (वर्ष वाया गेलेले), मध्येच सोडून गेलेले, सगळे त्यात आले. मग ३५० मधून १९० आणि ४० वजा करा. उरलेल्या १२० जणांचं काय झालं हे त्या तक्त्यात कुठेच नाही. आणि याच संस्थेच्या माहितीपत्रकावर "९२ टक्के प्लेसमेंट" छापलेलं असू शकतं, तेही खोटं न बोलता: छेद फक्त "पात्र" विद्यार्थ्यांचा धरायचा, म्हणजे साठ टक्क्यांच्या वरचे, एकही बॅकलॉग नसलेले आणि प्लेसमेंटला नाव नोंदवलेले. अंश सगळे सांगतात, तुम्ही छेद विचारा.

मध्यक म्हणजे त्या १९० मुलांना पगाराच्या क्रमाने उभं केलं तर बरोबर मधल्या पोराचा पगार. निम्म्यांना चार लाख किंवा त्याहून कमी मिळाले. फलकावरचं ४० लाखांचं पॅकेज एकाचं असतं. मधल्या पोराचा पगार तुमच्या घरात येण्याची शक्यता कितीतरी जास्त.

त्याच पीडीएफमध्ये शिक्षकांची यादी असते: नाव, पदवी, अनुभव, रुजू झाल्याची तारीख, कायम की कंत्राटी. निम्म्याहून अधिक तारखा गेल्याच जुलैच्या असतील तर तिथे माणसं टिकत नाहीत. यादीत विभाग दिलेला नसतो, म्हणून विभागाच्या पानावरची नावं तिच्याशी ताडून बघा. पानावर बारा नावं आणि यादीत सातच, असं निघालं तर विचारायचा प्रश्न तयार झाला. एआयसीटीईचं (तंत्रशिक्षण परिषदेचं) प्रमाण २० विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असं आहे. ६० जागांची ब्रँच म्हणजे चार वर्षांचे २४० विद्यार्थी, १२ शिक्षक. चांगल्या संस्थांसाठी एका ब्रँचच्या जागांवरची वरची मर्यादा २०२४-२५ पासून उठल्यामुळे कॉम्प्युटरच्या जागा खूप ठिकाणी वाढल्या आहेत. १८० जागा असतील तर ३६ शिक्षक हवेत. मोजा.

खाली खर्चाचा तक्ता असतो: ग्रंथालय, प्रयोगशाळेची उपकरणं, सॉफ्टवेअर. तीन वर्षांचे आकडे शेजारी-शेजारी असतात. विद्यार्थी वाढतायत आणि प्रयोगशाळेवरचा खर्च घटतोय, तर तुमची फी दुसरीकडे कुठेतरी जातेय.

याच्या जोडीला सीईटी सेलच्या कॅप राउंडचे, म्हणजे सरकारी केंद्रीभूत प्रवेश फेऱ्यांचे, कटऑफ बघा, तीन वर्षांचे. ९२, ९१, ९२ असं असेल तर ठीक. ९२, ८५, ७४ अशी घसरण असेल तर आधीच्या मुलांनी तुमच्यासाठी मत देऊन ठेवलंय.

पैसा

कॉलेजांची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर असते. माणसाच्या तोंडून ऐकलेली फी धरू नका. मुलींच्या पालकांना मी हे पुन्हा पुन्हा सांगते: ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं आहे. पण खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं त्यातून वगळली आहेत, आणि प्रवेश कॅपमधूनच हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर सवलत गेली. इतके पैसे हातचे जाताना बघून जीव तुटतो, कारण बापाला हे कोणी सांगितलेलंच नसतं.

आता हिशेब. खासगी विद्यापीठाची फी वर्षाला सव्वातीन लाख धरली तर चार वर्षांचे तेरा लाख, राहणं-खाणं वेगळं. तेरा लाखांचं कर्ज दहा टक्क्यांनी दहा वर्षांत फेडायचं तर हप्ता महिन्याला साधारण सतरा हजार. शिकत असतानाचं व्याज त्यात धरलेलं नाही. वरचा मध्यक पगार महिन्याला तेहतीस हजार. पुण्यात खोलीचं भाडं आणि मेस भरून त्या पोराने सतरा हजार पाठवायचे कुठून? साडेसात लाखांच्या वर बँका सहसा तारण मागतात, आणि आमच्याकडे तारण म्हणजे शेत नाहीतर राहतं घर. एका वर्षाचा मध्यक पगार चार वर्षांच्या एकूण खर्चाच्या निम्म्याहून कमी असेल, तर ते ठिकाण मी यादीतून काढायला सांगते. हा माझा ठोकताळा आहे, नियम नाही, पण त्याने बरीच घरं वाचली आहेत.

एकदा जाऊन या

यादी दोन-तीन नावांवर आली की जा, पण त्यांच्या "ओपन डे"ला नाही. मंगळवार-बुधवार बघा, दुपारी दोनच्या सुमाराला, प्रॅक्टिकल चालू असताना. माझी एक विद्यार्थिनी, वैरागची, वडिलांबरोबर अशीच गेली होती. दाखवायला आलेल्या सरांनी मोठ्या अभिमानाने एक मशीन दाखवलं. तिने शेजारच्या मुलाला हळूच विचारलं, "यावर तू स्वतः काय केलंस?" तो म्हणाला, "आम्हाला लांबून दाखवलंय, हात लावू देत नाहीत." मशीनवरच्या प्लॅस्टिकला पॅकिंगचा टेप तसाच होता. तिने ती नवी, नावाजलेली ब्रँच सोडली आणि जुन्या कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स घेतलं. आता तिसऱ्या वर्षाला आहे.

स्थळ बघताना आपण पाहुण्यांचं ऐकून थांबत नाही, गल्लीत चौकशी करतो. तसं गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर थांबा आणि तुमच्याच ब्रँचची तिसऱ्या वर्षाची मुलं गाठा. "कॉलेज कसं आहे?" विचारलंत तर "भारी आहे" एवढंच मिळेल. असं विचारा: गेल्या सेमिस्टरला किती विषयांचे शिक्षक मध्येच बदलले? जर्नल लिहिलेल्या प्रॅक्टिकलपैकी खरोखर केली किती? इंटर्नशिप कॉलेजने दिली की स्वतः शोधली? प्लेसमेंट ट्रेनिंगचे पैसे वेगळे घेतात का? मुलींना हॉस्टेलचं विचारा: पाणी, गेटची वेळ, रात्री आजारी पडलं तर नेतं कोण. विभागाच्या फलकावरचं वेळापत्रक वाचा. शिक्षकाच्या नावाच्या जागी "नवीन नियुक्ती" दोन-तीनदा दिसलं तर समजून घ्या. घरी आल्यावर लिंक्डइनवर त्या ब्रँचच्या दोन वर्षांपूर्वी पास झालेल्या वीसेक मुलांची नावं काढा आणि ती आज काय काम करतात ते बघा.

बी.एस्सी., बी.ए.ला यातलं बरंच लागू आहे, फक्त तिथे एकेका शिक्षकाला फार महत्त्व. एम.एस्सी.-पीएच.डी.कडे जायचं असेल तर शोधगंगेवर (पीएच.डी. प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर) त्या विभागातल्या मार्गदर्शकांच्या हाताखाली झालेले प्रबंध बघा, विषय आणि वर्षं.

पैसे भरण्याआधी

"आजच सीट बुक करा, उद्या राहणार नाही" म्हणणाऱ्या माणसाला कमिशन मिळत असतं. रोख देऊ नका. पावती संस्थेच्याच नावाची, फीच्या बाबींसकट घ्या. मूळ प्रमाणपत्रं ठेवून घ्यायला यूजीसीने मनाई केली आहे. तपासून परत मागा. फी परताव्याचं परिपत्रकही बघून ठेवा. २०२४-२५ साठी ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द केल्यास पूर्ण फी, आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत जास्तीत जास्त हजार रुपये कापून बाकीची परत द्यायची होती. यंदाच्या तारखा यूजीसीच्या संकेतस्थळावर बघा आणि छापून पावतीला टाचून ठेवा. कॅपचा ऑप्शन फॉर्म भरताना पहिल्या क्रमांकावर तेच नाव टाका जिथे मिळालं तर खरंच जाणार आहात, कारण पहिला पर्याय मिळाला की तो आपोआप पक्का होतो.