एकाच मळ्याची कॉफी चार पद्धतींनी कशी चाखावी

कर्नाटकातल्या बाबाबुडनगिरीच्या डोंगरउतारावरची वॉश्ड (फळाचा गर धुऊन मग वाळवलेली) अरेबिका कॉफी मी दरवर्षी अशी चाखते. पाकीट एकच, भांडी चार: फ्रेंच प्रेस (दट्ट्याने पूड खाली दाबायचं भांडं), पोअर-ओव्हर (गाळणीतल्या पुडीवर वरून पाणी ओतायचं), मोका पॉट (आचेवर ठेवायचं, पाणी पुडीतून वर चढवणारं) आणि आपला स्टीलचा साउथ इंडियन फिल्टर.

अख्ख्या बिया घ्या. भाजणी मध्यम आणि ताजी, महिन्याच्या आतली हवी. चिकोरी, म्हणजे कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळाची पूड, अजिबात नको. पाकिटावर छापलेलं चवीचं वर्णन आधी वाचू नका, नाहीतर जीभ तेच शोधत बसते. निव्वळ आरओचं पाणी कॉफीला अळणी करतं आणि बोअरचं जड पाणी तिचा आंबटपणा मारून टाकतं, म्हणून मी दोन्ही मिसळते.

आता दळणाकडे या, कारण सगळं इथेच बिघडतं. सुरुवातीला मी दुकानातून एकदाच फिल्टरसाठी दळून आणलेली पूड चारही भांड्यांत वापरायचे. पोअर-ओव्हरमधलं पाणी झिरपायला सहा मिनिटं लागायची आणि कॉफी कडूजहर व्हायची. प्रेसच्या तळाशी गाळ साचायचा. दोन वर्षं मी लोकांना सांगत होते की या दोन पद्धतींत काही दम नाही. प्रत्यक्षात मी माझ्या चुकीच्या दळणाची चव घेत होते. ‘एकच पूड सगळीकडे वापरा, म्हणजे तुलना न्याय्य होते’ असा सल्ला आजही दिला जातो. तो साफ चुकीचा आहे. प्रेसमध्ये पूड चार मिनिटं पाण्यात बसते, मोकात पाणी तिच्यातून दाबाने पटकन वर चढतं. वेळ बदलली की दळणही बदलायलाच हवं.

प्रेससाठी पूड इडली रव्याएवढी, पोअर-ओव्हरसाठी उपम्याच्या रव्याएवढी, मोकासाठी बारीक मिठाएवढी हवी. फिल्टरसाठी शेवटच्या दोन्हींच्या मधली. मिक्सर वापरू नका. त्यात निम्मी धूळ आणि निम्मे खडे निघतात, आणि एकाच कपात आंबट आणि कडू दोन्ही उतरतं. हाताने फिरवायचा बर ग्राइंडर (burr, म्हणजे दातेरी चकत्यांमध्ये बिया भरडणारा) घ्या; त्याची चकती फिरवली की क्लिक-क्लिकने दळण बारीक-जाड होतं.

पहिल्याच दिवशी चारही भांडी मांडू नका. रोज एकच भांडं घ्या. कॉफी चिंचेच्या कोळासारखी टोचली आणि मागे खारट लागली, तर दळण दोन क्लिक बारीक करा. जिभेला कच्च्या केळ्यासारखी कोरड पडली, तर दोन क्लिक जाड करा. बाकी कशालाही हात लावू नका. चव गोडसर आणि मोकळी लागली की क्लिकचा आकडा लिहून ठेवा. चार भांड्यांचे चार आकडे जमले की मगच तुलना करा.

करायची रीत सोपी आहे. प्रेसला १५ ग्रॅम पूड, २४० ग्रॅम पाणी, ४ मिनिटं. पोअर-ओव्हरलाही तेवढीच पूड आणि तेवढंच पाणी, साधारण ३ मिनिटांत उतरलं पाहिजे. मोकाची जाळी काठोकाठ भरा, पूड दाबू नका, आच मंद ठेवा. फिल्टरमध्ये २० ग्रॅम पूड, १२० ग्रॅम पाणी.

मोका आणि फिल्टरचं डिकॉक्शन, म्हणजे उतरलेला दाट अर्क, तसंच चाखलंत, तर दाटपणाच कळेल, चव कळणार नाही. पुडीच्या वजनाच्या चौदापट होईल इतकं गरम पाणी त्यात घाला. म्हणजे २० ग्रॅम पुडीची एकूण २८० ग्रॅम कॉफी. प्रेस आणि पोअर-ओव्हरचा कपही साधारण तेवढाच दाट असतो. दूध-साखर नंतर, हव्या तितक्या प्रमाणात.

चमच्याने, आवाज करत सुर्रकन ओढा. कॉफी गरम असताना, मग कोमट झाल्यावर आणि मग निवल्यावर, अशी तीनदा घ्या. माझ्या अनुभवात या अरेबिकाचा संत्र्याच्या सालीसारखा वास पोअर-ओव्हरमध्ये कोमट झाल्यावरच वर येतो, तर फिल्टरमध्ये तो दबून काकवीसारखा गोडवा पुढे येतो. प्रेसमध्ये दोन्ही असतात, पण अंगाने जड. मोका निवेपर्यंत थांबू नका, तो कोमट असतानाच संपवा.