खालची कवळी उडते म्हणून इंप्लांट? आधी हे बघा

मी एसटीत कंडक्टर होतो. तीस वर्षं गालात तंबाखूचा बार. निवृत्तीनंतर चार वर्षांत तोंडाचं बोळकं झालं. कवळी आली. वरची टाळूला चिकटून बसायची. खालची मात्र 'पुढे सरका' म्हटलं की स्वतःच पुढे सरकायची. भाकरी आमटीत कुस्करून खायचे दिवस आले, तेव्हा इंप्लांटची, म्हणजे जबड्याच्या हाडात बसवायच्या स्क्रूची, चौकशी सुरू केली.

पहिली गोष्ट, वरचं आणि खालचं एकत्र मोजू नका. वरच्या कवळीला अख्ख्या टाळूचा आधार मिळतो. खालची नुसती घोड्याच्या नालेसारखी, त्यात जीभ आतून ढकलते आणि गाल बाहेरून. दात गेले की जबड्याचं हाडही झिजत जातं, खालचं जास्त. म्हणून पैसे थोडे असतील तर ते खाली घाला. दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी दोन इंप्लांटना अडकवलेली कवळी हीच पहिली निवड असावी, असं मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी 2002 मध्येच सांगून ठेवलंय. वरती इंप्लांटना अडकवायची काढती कवळीच करायची झाली तरी साधारण चार इंप्लांट लागतात. मी वरची आहे तशीच ठेवली.

दोन इंप्लांट म्हणजे काय, तर सुळ्यांच्या जागी हाडात टायटॅनियमचे दोन स्क्रू. त्यांची डोकी हिरडीबाहेर. कवळीच्या पोटात नायलॉनच्या छोट्या रिंगा. ब्लाउजचं टिचबटण लागतं ना, तस्सं टक्कन लागतं. पण कवळी अजूनही हिरडीवरच टेकते, त्यामुळे ती मुळात नीट मापाची हवी. तुमची जुनी झिजलेली असेल तर आधी चांगली नवी करून बघा. काहींचं तेवढ्यावर भागतं.

मी गेलो त्या पहिल्या दवाखान्यात साखरेचं नावही निघालं नाही. पक्के दात बसवा, रविवारपर्यंत सवलत आहे, एवढंच. तिथून उठलो. तुम्हीही उठा. आधी तीन महिन्यांच्या सरासरीची साखर तपासा, म्हणजे एचबीएवनसी. हाडाची उंची आणि खालच्या जबड्यातली नस कुठून जाते हे दाखवणारा सीबीसीटी स्कॅन करा. हाडं ठिसूळ झाली म्हणून आठवड्याची गोळी किंवा वर्षाचं इंजेक्शन घेत असाल, जबड्याला रेडिएशन झालं असेल, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, तर न विचारताही सांगा. मात्र गोळी आपल्या मनाने बंद करू नका. तंबाखू, मिश्री सोडायचीच; मला सर्वात जड तेच गेलं.

पक्क्या दातांचा मोह मलाही झाला. चारसहा इंप्लांटवर स्क्रूने आवळलेले, टाळू मोकळा, रात्री काढायची कटकट नाही. पण त्यांच्याखाली बारीक ब्रश घालून रोज साफ करावं लागतं, आणि माझा उजवा हात आत्ताच थरथरतो. उद्या सूनबाईला माझ्या तोंडात ब्रश घालावा लागला तर? काढती कवळी तिला बेसिनवर धुता येईल. घाण साठली तर इंप्लांटभोवतीची हिरडी सुजते, हाड झिजतं आणि स्क्रूसुद्धा हलतो.

खर्च लेखी घ्या: स्कॅन, स्क्रू, कवळी आणि पुढे रिंगा बदलण्याचे पैसे वेगवेगळे. रिंगा झिजतातच. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी दंत महाविद्यालयांतही चौकशी करा. स्क्रूची कंपनी आणि माप लिहिलेलं कार्ड मागून रेशनकार्डाजवळ ठेवा; दहा वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरला त्याच जोडीचा भाग शोधावा लागेल.

स्क्रू हाडात धरायला माझे तीन महिने गेले. तोवर जुनी कवळी आतून मऊ करून दिली होती.

आता रोजचं. रात्री काढून साध्या पाण्यात ठेवा, गरम पाण्यात वाकडी होते. धुताना बेसिनमध्ये पाणी भरून घ्या, म्हणजे हातातून निसटली तरी फुटत नाही. स्क्रूच्या डोक्यांभोवती मऊ ब्रश फिरवा. आणि बसवताना दोन्ही बाजूंना बोटांनी दाबा. मी पहिला महिनाभर तोंडात टाकून कचकन चावायचो. डावीकडची रिंग चिरली आणि डॉक्टरांनी चिमट्यात धरून ती माझ्या डोळ्यांसमोर धरली.