घरी गोल्फची प्रॅक्टिस करताय? मग या चुका टाळा

पुण्या-मुंबईत नोकरी सांभाळून गोल्फ शिकणाऱ्यांना कोर्सवर जायला मिळतं ते बहुतेक रविवारी सकाळीच, तेही ट्रॅफिक लागायच्या आत निघालं तर. मग मधल्या दिवसांत घरीच काहीतरी करू म्हणून मॅट मागवली जाते, हॉलमध्ये रोज पटिंग, म्हणजे बॉल जमिनीवरून घरंगळत होलकडे मारणं, सुरू होतं आणि महिन्याभराने ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, गेल्यावर कळतं की पट, म्हणजे हे फटके, सगळे आखूड पडतायत. घरची प्रॅक्टिस वाया जाते असं अजिबात नाही, माझ्या मते तर पटिंग घरीच जास्त सुधारतं. फक्त घरात कुठली गोष्ट शिकता येते आणि कुठली नाही हे आधी बघायला हवं, ते कोणी बघत नाही.

स्टीलचा ग्लास आडवा ठेवून त्यात बॉल मारत बसणं ही सगळ्यात कॉमन चूक. बॉल आत गेला की बरं वाटतं, पण ग्लास नसता तर तो पुढे सहा फूट गेला असता की तिथेच थांबला असता हे कळायला काही मार्गच नाही, आणि पटिंगमध्ये निम्मं काम तर जोराचंच असतं. त्यापेक्षा कागदाची 10.8 सेंटीमीटर व्यासाची चकती कापा, खरा होल तेवढाच असतो, जुन्या सीडीपेक्षा जरासा लहान. ती चिकटपट्टीने जमिनीवर लावा आणि बॉल चकतीवरून जाऊन पुढे एक-दीड फुटात थांबला तरच पट गेला असं धरा. पहिल्या दिवशी दहातले दोन-तीन मोजता आले तरी ठीक आहे, चालू ठेवा.

आता पट आखूड का पडतात ते. गुळगुळीत टाइल्सवर बॉल नुसता टेकवला तरी पळत सुटतो, हाताला त्याचीच सवय होते आणि ग्रीनवर गवताने बॉल धरला की तो होलच्या अलीकडेच दम तोडतो. टाइल्सवर पातळ कार्पेट किंवा सतरंजी ताणून टाका, सुरकुती नको. बाल्कनीत करत असाल तर अजून एक भानगड असते, पावसाचं पाणी जायला तिथल्या फरशीला मुद्दाम उतार दिलेला असतो त्यामुळे सरळ मारलेला बॉलही नळीकडे वळतो आणि आपण उगाच स्ट्रोक बदलत बसतो. सुरू करण्याआधी हाताने बॉल हळू सोडून बघा, एकदा या बाजूने एकदा त्या बाजूने.

बॉल सारखा एकाच बाजूला जात असेल तर हात बदलण्याआधी पटरचा, म्हणजे पटिंगच्या काठीचा, फेस (बॉलला लागणारी सपाट बाजू) तपासा. साधं गणित आहे, 10 फुटांच्या पटला फेस 1 अंश वाकडा असेल तर बॉल साधारण 2 इंच बाजूला जातो आणि होलच्या मध्यापासून काठ दोन इंचांहून किंचितच लांब असतो, म्हणजे गेला तर काठाने, नाहीतर बाहेर. यासाठी हार्डवेअरच्या दुकानात 1 मीटरची स्टीलची पट्टी मिळते ती आणा, तिच्या टोकाला अडकवायचं भोक असतं त्यावर बॉल बरोबर बसतो. तिथून पट मारायचा आणि बॉल पट्टीच्या दुसऱ्या टोकावरून उतरला पाहिजे, मधेच कडेने घसरला तर फेस उघडा किंवा बंद, म्हणजे बाहेर किंवा आत वळलेला होता. इतकं खरं उत्तर देणारं साधन इतक्या कमी पैशात दुसरं नाही. तरी जमत नसेल तर पटर लावून तसेच थांबा आणि घरातल्या कोणालातरी मागून बघायला सांगा, कित्येकदा स्ट्रोक चांगला असतो आणि रोखच चुकलेला असतो.

पटिंग काय, कधीही करू असं म्हणणाऱ्यांसाठी, टोकियो ऑलिम्पिकला आपली गोल्फर अदिती अशोक चौथी आली तेव्हा तिचा ड्राइव्ह, म्हणजे सुरुवातीचा लांबचा फटका, बऱ्याच जणींपेक्षा आखूड होता, पटरच्या जोरावर ती शेवटच्या दिवसापर्यंत मेडलच्या शर्यतीत होती.

चिपिंगला, म्हणजे ग्रीनजवळून बॉल थोडासा उचलून मारायला, मॅट फसवते. क्लब (गोल्फची काठी) बॉलच्या मागे आपटला तरी मॅटवरून सरकत बॉलपर्यंत पोचतो आणि शॉट छान गेल्यासारखा वाटतो, तोच शॉट गवतावर मातीत रुततो. बॉलच्या मागे चार-पाच इंचांवर नॅपकिनची घडी ठेवा आणि तिला न लागता बॉल मारा. फोमचा बॉल किती लांब गेला याला काही अर्थ नाही, तो खऱ्यासारखा उडतच नाही, त्यामुळे बॉल फेसवर कुठे लागला ते बघा, फेसवर थोडी टाल्कम पावडर लावली की ठसा उमटतो. आणि टाइल्सवर पातळ मॅट टाकून आयर्न (धातूच्या पात्याचा क्लब) जोरात मारू नका, तो सगळा दणका मनगटाला आणि कोपराला बसतो. कोपराच्या आतल्या बाजूला दुखायला लागलं तर थांबा, अंगावर काढू नका, दुखणं राहिलंच तर डॉक्टरांना दाखवा.

सोसायटीच्या बाल्कनीत जाळी लावून खरा बॉल मारायचा विचार असेल तर तो सोडाच, खाली माणसं असतात. स्वतःचं अंगण असेल तर जाळी सैल ठेवा, ताणून बांधली की बॉल उलटा आपल्याच अंगावर येतो, आणि मागे जाड चादर हवीच.

फुल स्विंगचं, म्हणजे क्लब पूर्ण फिरवून मारायचं म्हणाल तर ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब क्लब, साधारण 45 इंचांचा असतो आणि फॉल्स सीलिंगवाल्या हॉलची उंची बेताचीच, वर पंखा. लोक बॅकस्विंगला (क्लब मागे नेताना) जागा आहे का ते बघतात, फॉलो-थ्रूला (बॉल मारल्यावर क्लब पुढे जाताना) बघत नाहीत आणि ट्यूबलाइट तिथेच फुटते. घरात वेजने, म्हणजे जवळच्या उंच फटक्यांच्या आखूड क्लबने, कमरेपर्यंतचा स्विंग पुरेसा आहे, सावकाश.

शेवटचं, मोबाइलवर व्हिडिओ काढताना फोन जमिनीवर टेकवून ठेवू नका, खालून घेतलेल्या व्हिडिओत स्विंग आहे त्यापेक्षा वेगळा दिसतो आणि नसलेली चूक सुधारायला घेतली जाते. मागून शूट करायचं असेल तर फोन हातांच्या उंचीवर, हातांच्या सरळ रेषेत, समोरून असेल तर छातीच्या उंचीवर मधोमध. जागा एकदा ठरली की जमिनीवर टेपने खूण करा आणि दर वेळी तिथूनच काढा, नाहीतर मागच्या आठवड्याचा व्हिडिओ आजच्याशी ताडून बघता येणार नाही.