चित्रासाठी जनावराचा फोटो निवडताना

पोळा जवळ आला की नांदेड आणि लातूर भागातून बैलाचे चित्र काढून मागणारे माझ्याकडे फोटो पाठवू लागतात, आणि त्यांतील बहुतेक फोटो मागच्या पोळ्याचेच असतात. झूल, बाशिंग आणि रंगवलेली शिंगे यांनी सजलेला बैल देखणा दिसतो खरा. परंतु लालकंधारी जातीच्या बैलाचा गडद तांबडा रंग आणि वशिंडाची ठेवण झुलीखाली झाकली जाते, तर देवणी जातीतल्या वानेरा प्रकारच्या बैलाच्या तोंडावरचा काळा रंग बाशिंगाच्या गोंड्यांआड जातो. म्हणून सजावटीच्या फोटोबरोबर आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्यावर, नुसत्या कासऱ्याने बांधलेल्या बैलाचा एक तरी फोटो अवश्य द्यावा.

फोटो हाती आल्यावर मी प्रथम डोळे पाहतो. बुबुळावर उजेडाचा लहानसा ठिपका असेल तरच चित्रातले जनावर जिवंत वाटते. आपल्याकडच्या भर दुपारच्या उन्हात डोळे काळ्या सावलीत बुडतात आणि पांढरी कातडी इतकी उजळते की केसांची वळणे पुसली जातात. ती मागाहून परत आणता येत नाहीत. त्याऐवजी सकाळच्या कोवळ्या उन्हात, किंवा लिंबाच्या सावलीच्या कडेला तोंड उघड्या आभाळाकडे करून उभ्या केलेल्या जनावराचा फोटो निवडावा. काळ्या कुत्र्यासाठी ढगाळ दिवस सर्वांत चांगला. फ्लॅशचा फोटो मात्र टाळावा, कारण कुत्र्या-मांजरांच्या डोळ्यांतील पडद्यामागचा थर प्रकाश परतवतो आणि डोळ्यांचा खरा रंग हिरवट चकाकीत हरवतो.

उभ्याने खाली वाकून काढलेल्या फोटोत डोके मोठे आणि पाय आखूड दिसतात, म्हणून फोटो जनावराच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढलेला असावा. मोबाईल तोंडाजवळ नेल्यास नाक फुगते आणि कान लहान होतात. दोन-तीन पावले मागे सरून थोडे झूम करावे. व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा, म्हणजे त्यातील बारकावे घटत नाहीत.

गेलेल्या जनावराचा जुना कागदी फोटो एवढाच उरला असेल, तर तो चौकटीतून काढून सावलीत सपाट ठेवावा आणि वरून सरळ टिपावा; काचेला चिकटलेला असल्यास ओढू नये, काचेसह तिरप्या उजेडात टिपावा. सोबत कोणता कान मुडपलेला असे, कपाळावरचा चांद कोणत्या बाजूला कललेला होता, हे घरातल्या सर्वांना विचारून लिहून द्यावे, कारण असे तपशील अंदाजाने भरणे मला योग्य वाटत नाही.